लष्करी धोरणाची निवड : पटावर आणि इतिहासात

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना प्रश्न पडला असेल, की संगणकावरच्या खेळाचे आणि वसंत व्याख्यानमालेचे नाते काय? ज्यांच्या घरी पंधरा-सोळा वर्षांची मुले आहेत त्यांना तो पडणार नाही. ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाचे नाव त्यांनी ऐकलेले असते, आणि ‘एवढी एक पाळी होऊ द्या’ हे जेवणाच्या हाकेला मिळणारे उत्तरही ऐकलेले असते. हा खेळ सिड मायर या अमेरिकेतील खेळकर्त्याने आपल्या सहकाऱ्यांसह १९९१ साली प्रथम आणला. त्याची सहावी आवृत्ती २०१६ ची आणि सातवी २०२५ ची. मी बोलणार आहे तो सहाव्या आवृत्तीबद्दल, आणि तीतही एकाच लहानशा भागाबद्दल : राज्यकर्त्याने लष्करी सवलतींपैकी कोणती घ्यावी आणि कोणती सोडावी. या प्रश्नाची पक्की उत्तरे आपल्या पन्हाळ्याच्या परिसरात तीनशे वर्षांपूर्वी दिली गेलेली आहेत, आणि त्यांची किंमतही येथेच मोजली गेली आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊ. पडद्यावर षट्कोनी घरांचा एक विस्तीर्ण पट मांडलेला असतो. प्रत्येक गडी एकेका राष्ट्राचा अधिपती. एका वसाहतीपासून आरंभ करावयाचा आणि नगरे, शेती, विद्या, सैन्य वाढवीत आजच्या युगापर्यंत यावयाचे. गडी आळीपाळीने चाली करतात; आपली पाळी चालू असेपर्यंत जग थांबलेले असते, म्हणून विचाराला हवा तेवढा अवकाश मिळतो. येथवर हे बुद्धिबळासारखेच झाले. परंतु बुद्धिबळातल्या घोड्याला दाणावैरण लागत नाही आणि प्यादे पगार मागत नाही. या खेळात बहुतेक पथकांना दर पाळीला काही मोहरा द्याव्या लागतात, आणि खजिना रिता होऊन उणे पडला की फौजेवर गदा येते. फौज ही संपत्ती नसून चालू खर्च आहे, ही गोष्ट एवढ्या सरळपणे शिकविणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

आता सवलतींकडे वळू. राज्याची जी पद्धती आपण स्वीकारू तिच्याबरोबर काही खण मिळतात, आणि त्या खणांत धोरणाचे पत्ते ठेवावयाचे असतात. आरंभीच्या टोळीप्रमुखाच्या राज्यात दोनच खण : एक लष्करी, एक अर्थव्यवहाराचा. पुढे एकतंत्री राज्य पत्करले तर लष्करी खण दोन होतात. प्राचीन प्रजासत्ताक पत्करले तर लष्करी खण एकही राहात नाही. कोणताही पत्ता चालेल असा जो एक मोकळा खण असतो त्यातच काय ते भागवावे लागते. पत्ते मात्र डझनावारी असतात. सारी मौज आणि सारे दुःख येथेच आहे. खण दोन आणि लोभ वीस!

काही पत्ते सांगतो. ‘शिस्त’ नावाचा पत्ता रानटी टोळ्यांविरुद्ध लढताना आपल्या पथकाचे बळ पाच अंशांनी वाढवितो. पाच म्हणजे थोडे वाटेल. पण बरोबरीच्या लढाईत पाच अंशांनी शत्रूला होणारी इजा सुमारे पाचवा हिस्सा वाढते आणि आपल्याला होणारी जवळजवळ तेवढीच घटते. ‘अगोगे’ हे नाव स्पार्टातील तरुणांच्या खडतर शिक्षणाचे. तो पत्ता प्राचीन काळची पायदळाची आणि धनुर्धरांची पथके दीडपट वेगाने उभी करतो. घोडदळासाठी असाच दुसरा पत्ता आहे. ‘लिमेस’ हे रोमन साम्राज्याच्या सरहद्दीचे नाव; त्या पत्त्याने तटबंदी दुप्पट वेगाने चढते. ‘सक्तीची भरती’ या पत्त्याने दर पथकामागे दर पाळीला एक मोहर वाचते. फ्रान्सने १७९३ साली राज्य वाचविण्यासाठी सारी प्रजा शस्त्राखाली बोलाविली, त्या घटनेचे नाव दिलेला नंतरचा पत्ता दोन मोहरा वाचवितो. ‘व्यावसायिक सेना’ जुन्या पथकांना नवी हत्यारे देण्याचा खर्च निम्मा करते. लुटीचे उत्पन्न वाढविणाराही एक पत्ता आहेच.

यांतून निवड करावयाची ती हिशेबाने. समजा, एखाद्या नगराची निर्मितिशक्ती दर पाळीला सहा मापे आहे आणि धनुर्धरांच्या पथकाला साठ मापे लागतात. म्हणजे दहा पाळ्यांना एक पथक. ‘अगोगे’ ठेवला तर सहाची नऊ होतात आणि तेच पथक सातव्या पाळीला तयार. पाच नगरे एकाच वेळी पथके घडवीत असतील तर हा लाभ फार मोठा आहे. पण ज्या पाळीला भरती थांबली त्या पाळीपासून तोच पत्ता खणात नुसता पडून राहतो. एका दमडीचाही उपयोग नाही. ‘सक्तीची भरती’चे याच्या उलट. पथके तीन असतील तर वाचणार तीन मोहरा, म्हणजे जवळजवळ काही नाही. पथके बारा झाली की वीस पाळ्यांत दोनशे चाळीस मोहरा वाचल्या. म्हणून जाणता गडी पत्त्याचे वर्णन किती आकर्षक आहे हे न पाहता, पुढच्या दहा पाळ्यांत आपली फौज काय करणार आहे एवढेच पाहतो : उभी राहणार, लढणार, की नुसती पोसली जाणार? उभी राहणार असेल तर भरतीचा पत्ता, लढणार असेल तर बळाचा, पोसली जाणार असेल तर पगाराचा.

चतुर खेळाडू याहून पुढे जातात. खेळात समाजव्यवस्थेतील एखादी नवी पायरी गाठली, की त्या पाळीला सारे पत्ते फुकट बदलता येतात. एरवी बदलावयास मोहरा पडतात. म्हणून हे लोक पथकांची भरती राखून ठेवतात, भरतीचा पत्ता लावतात, एका दमात फौज उभी करतात आणि पुढच्या पायरीला पत्ता काढून पगाराचा लावतात. नवी हत्यारे द्यावयाची असतील तर मोहरा साठवून ठेवतात, व्यावसायिक सेनेचा पत्ता थोड्या पाळ्यांपुरता आणतात, सारी पथके सजवितात, आणि पत्ता पुन्हा पेटीत. खेळाच्या दृष्टीने हे शहाणपणच आहे. पण खऱ्या राज्याचा इतिहास या ठिकाणी खेळापासून फुटतो, आणि मला सांगावयाचे आहे ते येथून पुढचे.

शिवछत्रपतींपुढेही खण थोडेच होते. मुलूख डोंगराळ, उत्पन्न बेताचे, शत्रू तीन बाजूंना. त्यांनी जे पत्ते निवडले ते सभासदाच्या बखरीत सविस्तर दिसतात. घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदार उघडच स्वस्त. घोडा त्याचा, हत्यार त्याचे. तरीही महाराजांनी बारगीर वरचढ ठेवला आणि शिलेदारांस पागेच्या तंत्राने चालविले. कारण साधे आहे. ज्याचा घोडा हाच त्याचा प्रपंच, तो ऐन गर्दीत घोडा घालताना दोनदा विचार करणार. पंचवीस बारगिरांस एक हवालदार, पाच हवालदारांस एक जुमला, दहा जुमल्यांस एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी आणि नाल यांचीही तरतूद कोष्टकात! पगार शक्यतो रोख किंवा खजिन्यावरील वरातीने. गाव तोडून देणे नाही. दसऱ्याला फौज बाहेर पडावयाची, आठ महिने परमुलखात पोट भरावयाचे, पावसाळ्याला छावणीस परत. आणि येताना लुटीची झडती. खेळातला लुटीचा पत्ता महाराजांनीही वापरला, पण लूट ज्याच्या हाती पडली त्याची नव्हे, सरकारची, हे कलम त्याला जोडून.

चिपळूणजवळ हलवर्ण येथे असलेल्या लष्कराला महाराजांचे जे पत्र गेले ते पुष्कळांना भाजीच्या देठापुरतेच ठाऊक असते. ते सबंध वाचले पाहिजे. त्यात वैरणीचा हिशेब आहे. आताच दाणा-गवत मनमानी उधळले तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, आणि लोकांना मोगलापेक्षा तुमचाच जाच अधिक वाटेल. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंत सूचना आहेत. खेळातला चालू खर्च म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातला एक आकडा असतो. येथे तो आकडा कोणाच्या परड्यातून भरून निघतो हे राजाने लिहून ठेवले आहे.

तटबंदीच्या पत्त्याबद्दल पन्हाळा तालुक्यातील श्रोत्यांना मी काय सांगावे! नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफजलखानाच्या वधानंतर अठरा दिवसांत, पन्हाळा महाराजांच्या हाती आला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहराचा वेढा पडला, राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीस आले, आणि जुलैत महाराजांना रात्री गड सोडून विशाळगड गाठावा लागला. बाजीप्रभूंची खिंड आपणा सर्वांस पाठ आहे. गड सप्टेंबरात विजापूरकरांकडे गेला. पुढे १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी तोच गड एका रात्रीत घेतला. तट तोच, कडे तेच. तेव्हा तटाचे बळ इतके अंश असा आकडा मांडून भागत नाही. आत कोण आहे आणि तो जागा आहे की नाही, यावर ते अवलंबून असते. म्हणूनच महाराजांनी गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे सारख्या दर्जाचे तीन अधिकारी ठेवले, शिवाय कोठारासाठी कारखानीस, की एकट्याच्या मनात आले तरी गड देता येऊ नये. औरंगजेबाने १७०० सालापासून साताऱ्याचा गड, पन्हाळा, विशाळगड असे किल्ले एकामागून एक घेतले, त्यांत कित्येकांचे दरवाजे पैसे मोजून उघडले. आणि त्यांतले बहुतेक थोड्या वर्षांत मराठ्यांनी परत घेतले. खेळात किल्ला कधी फितूर होत नाही. ही या खेळाची मोठी उणीव मी समजतो.

आता मुख्य प्रसंग. संभाजी महाराजांचा वध ११ मार्च १६८९ रोजी झाला. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत गेले, आणि राजाराम महाराज दूर जिंजीला पोहोचले. खजिना नाही, पागा नाही, राजधानी नाही. रोख पगाराचा पत्ता ठेवावयाचा तर रोकड हवी. ती कोठून आणणार? अशा वेळी जिंजीच्या दरबाराने दुसराच पत्ता काढला. जो सरदार मोगलांकडून जेवढा मुलूख सोडवील, तो वा त्यातला वाटा फौजेच्या खर्चास त्याच्याकडे लावून देण्याचे वचन. १६९१ साली घोरपडे घराण्यातील सरदारांना दिलेल्या आश्वासनात तर दिल्ली काबीज झाल्यावर काय मिळावयाचे तेही लिहिलेले आहे. जिंजीत वेढला गेलेला राजा दिल्लीचे उत्पन्न वाटून देतो, याला काही लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खजिन्यातून एक मोहर न जाता फौजा उभ्या राहिल्या. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगली छावण्यांची झोप उडविली, रामचंद्रपंत अमात्यांनी हुकुमतपन्हा म्हणून इकडचा कारभार सांभाळला, आणि १७०७ साली औरंगजेब दक्षिणेतच वारला. खेळातला पत्ता दर पथकामागे एक मोहर वाचवितो. सरंजामाने सबंध पगारच वाचविला. त्या परिस्थितीत दुसरा पत्ता खणात बसतच नव्हता, असे माझे मत आहे.

प्रश्न नंतरचा आहे. संकट गेले, नवी पायरी आली, आता पत्ता काढून पेटीत ठेवावा. पण ठेवणार कसा? खेळात पत्ता हा पत्ताच असतो. येथे तो कोणाचा तरी वाडा, कोणाचे तरी गाव, कोणाच्या तरी मुलांचा वारसा झालेला असतो. सवलत ज्याच्या पदरात पडली त्याच्याजवळ फौज आहे, आणि ती फौज त्याच सवलतीवर पोसलेली आहे. काढून घ्यावयाला जी शक्ती लागते ती त्याच्याच हाती देऊन बसलो आहोत. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या तेव्हा वसुलीचे वाटे सरदारांमध्येच गुंतवावे लागले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या मैदानात छत्रपतींचा पेशवा आणि छत्रपतींचा सेनापती, बाजीराव आणि त्रिंबकराव दाभाडे, एकमेकांशी लढले आणि सेनापती मारला गेला. दोघांच्याही फौजा एकाच राज्याच्या मुलखावर पोसलेल्या.

हे सर्वांत आधी कोणाच्या ध्यानी आले असेल तर ते रामचंद्रपंतांच्या. आज्ञापत्र हा ग्रंथ त्यांच्या नावे आहे; १७१५ च्या सुमारास, कोल्हापूरचे संभाजी महाराज नुकतेच गादीवर आले असता तो सिद्ध झाला. त्यात वतनदारांबद्दल स्पष्ट बजावले आहे, की हे आपापल्या जागी लहान राजेच असतात, राज्य वाढावे ही त्यांची इच्छा नसते, आपले वाढावे ही असते. सेवेचे बक्षीस म्हणून सेवकाला जमीन तोडून देऊ नये, असे केल्याने राज्य हळूहळू संपते, असाही उपदेश आहे. ज्यांच्या कारभारात वतने आणि सरंजाम वाटले गेले त्याच मुत्सद्द्याचे हे म्हणणे. आणि त्यांच्याच घराण्याकडे गगनबावड्याची जहागीर पुढे पिढ्यान् पिढ्या चालली! यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. ज्याने औषध दिले त्यालाच त्याची मात्रा आणि त्याचा दोष नेमका ठाऊक असतो.

आपल्या शेजारचेच दुसरे उदाहरण घ्या. हैदराला तोंड द्यावे आणि कोल्हापूरकरांवर नजर ठेवावी म्हणून १७६४ साली थोरल्या माधवरावांनी पटवर्धनांना मिरजेकडचा सरंजाम दिला. काम लष्करी, नेमणूक लष्करी. पटवर्धन कर्तबगार निघाले. कोल्हापुराशी त्यांचे वैरही तसेच चालले, आणि १७९९ साली परशुरामभाऊ कोल्हापूरच्या फौजेशी लढतानाच पडले. त्याच वर्षी श्रीरंगपट्टणास टिपू पडून हैदराचे राज्य गेले, १८१८ मध्ये पेशवाई गेली, ज्या कामासाठी सरंजाम दिला ते कामच उरले नाही. सरंजाम मात्र राहिला. सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड अशी त्याची संस्थाने झाली आणि ती १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाली. लहानमोठे सरंजाम व राजकीय इनामे परत घेण्याचे नियम मुंबई सरकारने केले ते १९५२ साली. एकशे चौऱ्याऐंशी वर्षे हा पत्ता खणात होता, आणि त्यांतली निदान एकशे तीस वर्षे त्याचा लष्करी उपयोग शून्य.

कोणी विचारील, मग मोगलांसारखे करावे की नाही? मोगलांनी जहागिरी दिल्या, पण वंशपरंपरेने नव्हेत. दर तीन-चार वर्षांनी जहागीरदाराची बदली करावयाची, म्हणजे त्याचे मूळ जमिनीत रुजत नाही. खेळातल्या पत्ता बदलण्याच्या नियमाला हीच पद्धत सर्वांत जवळची. पण तिचा भार दुसऱ्यावर पडला. ज्याला ठाऊक आहे की आपण परवा जाणार, तो विहीर कशाला खोदील? तो रयत पिळून घेतो. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने हे सतराव्या शतकातच टिपून ठेवले होते. म्हणजे कायमचा पत्ता राजाला नडतो आणि बदलता पत्ता कुणब्याला. रोख पगाराचा तेवढा कोणालाच नडत नाही, पण त्यासाठी वसुलीचा कारभार चोख आणि सतत चालता लागतो, आणि मोडत्या राज्याला नेमके तेच जमत नाही.

दोन पत्ते परस्परांस मारक कसे होतात हेही जाता जाता सांगितले पाहिजे, कारण नवशिके खेळाडू चांगले पत्ते एकत्र केले की चांगले धोरण झाले असे समजतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाच्या गारद्यांची कवायती बंदूकबाजी आणि तोफा हे एक बळ होते, आणि मोकळ्या घोडदळाचा हल्ला हे दुसरे. दोन्ही बळे उत्तम. पण घोडदळ पुढे सरसावले की गारद्यांना गोळी चालविता येत नाही. महादजी शिंद्यांनी यातून धडा घेतला आणि १७८४ पासून द बॉयन्याकडून कवायती पलटणी उभ्या करविल्या. पाटण आणि मेडता येथे १७९० साली त्यांनी राजपूत घोडदळ उधळून लावले. मात्र त्या पलटणींवरचे अधिकारी बाहेरचे होते, आणि १८०३ साली इंग्रजांनी त्यांना आपल्याकडे बोलाविताच त्यांतले पुष्कळ जण निघून गेले. शिपाई उरले आणि लासवारीला आपल्या तोफांपाशी लढत मेले. व्यावसायिक सेनेच्या पत्त्यावर अधिकारी कोणाचे हे कलम लिहिलेले नसते.

ज्यांना हा खेळ ठाऊक आहे त्यांच्यासाठी शेवटी एक सूचना करतो. घरी चार गडी एकत्र बसून खेळत असतील तर आपसात एक जादा नियम ठरवावा. पगार वाचविणारा कोणताही लष्करी पत्ता एकदा खणात ठेवला की शंभर पाळ्या तो काढावयाचा नाही. नव्या पायरीला नाही, मोहरा भरूनही नाही. त्याहून भारी पत्ता मिळाला तर त्याने दुसरा खण शोधावा. आणि त्या काळात ज्या नगराजवळ सर्वांत जास्त पथके उभी असतील त्या नगराचे निम्मे उत्पन्न खर्चावयाचे नाही. ते दर पाळीला वहीत वेगळे मांडून तेवढ्या मोहरा खजिन्यात अडकवून ठेवावयाच्या. वही सांभाळण्याचे काम ज्याचा पत्ता नाही त्याच्याकडे द्यावे, नाहीतर झडती बरोबर लागत नाही.